दीडशे फुटांची पृथ्वी

हिवरतळ्याच्या सूर्यभान पेंटरनं आयुष्यभर लोकांनी दिलेल्या मापात चित्रं काढली. ट्रॅक्टरच्या मागं 'आईची कृपा' दोन फुटांत, सोसायटीचं नाव पाच फुटांत, देवळातला डोंगर उचललेला मारुती सात फुटांत. पुढं फ्लेक्स आले आणि ही मापंसुद्धा आटत गेली. वाढदिवसाच्या बॅनरवर हसणाऱ्या पंचवीस चेहऱ्यांपुढं ब्रश कुठं पुरा पडणार? सूर्यभानच्या वाट्याला उरलं 'येथे कचरा टाकू नये' आणि पोळ्याला बैलांची शिंगं. हात मात्र चांगला होता. लहानपणी मामाच्या गावी, चारठाण्याला, जुन्या देवळांपुढं पाटी घेऊन बसायचा आणि दगडातल्या मूर्ती उतरवून काढायचा. तेवढीच त्याची चित्रकलेची शाळा.

त्यामुळं गेल्या वर्षी फेब्रुवारीत जिल्हा परिषदेच्या शाळेची रस्त्याकडची भिंत त्याला मिळाली, तेव्हा तो दोन दिवस गावात जरा ताठच चालला. भिंत सलग दीडशे फूट. डावीकडं शाळेचं फाटक, उजवीकडं टोकाला एसटीचा थांबा. जिंतूर-परभणी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून दिसणारी.

काम सांगितलं होतं विज्ञानाच्या खंदारे मॅडमनी. धम्मशीला खंदारे परभणीहून रोज स्कूटीवर यायच्या. बोलणं मोजकं, आणि मोजमापाच्या बाबतीत तर सुताराच्या वरताण. अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिन, त्याला तालुक्याचे साहेब येणार, तोवर भिंत पुरी व्हायला पाहिजे होती. त्यांनी सूर्यभानच्या हातात एक कागद दिला. वर लिहिलं होतं, 'एक फूट बरोबर तीन कोटी.'

सूर्यभानला वाटलं, हे तेहतीस कोटी देवांपैकी असावेत. एका फुटात तीन कोटी देव कसे बसवायचे, हे त्यानं अगदी प्रामाणिकपणे विचारलं. मॅडम हसल्या नाहीत. देव नव्हे, वर्षं, असं त्यांनी सांगितलं. पृथ्वीचं वय साधारण साडेचारशे कोटी वर्षं, भिंत दीडशे फूट, म्हणून फुटाला तीन कोटी. फाटकापाशी पृथ्वी जन्मली, थांब्यापाशी आजचा दिवस. जे जिथं घडलं ते तिथंच काढायचं. एक इंचसुद्धा इकडंतिकडं चालणार नाही.

सूर्यभानला हे आवडलं. दोरी मारून, टेप लावून काम करायची त्याला सवयच होती. पहिल्या पंधरा-वीस फुटांत त्यानं जी आग काढली, ती बघायला एसटीचा एक ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरला. पुढं पाऊस, वाफ, समुद्र. गाव खूश. मग तिसाच्या पुढं गेल्यावर मॅडमच्या कागदात आलं शेवाळ. म्हणजे शेवाळासारखे, डोळ्यांना न दिसणारे जीव. पण दाखवायचे तर हिरवट-निळ्या थरांनीच. सूर्यभाननं तीन-चार फूट शेवाळ काढलं आणि पुढं काय म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, शेवाळ. त्याच्या पुढं? शेवाळ. मासे केव्हा यायचे? एकशे बत्तीस फुटांवर.

शंभर फूट शेवाळ. त्यानं कागद उलटा करूनही बघितला.

दोन दिवसांत गावात त्याचं नाव शेवाळपेंटर पडलं. थांब्यावर बसलेली मंडळी त्याला पाण्याची टाकी गळायली का म्हणून विचारायची. त्याची बायको शिवकन्या गिरणीत दळण घेऊन गेली, तर तिथं बायकांनी तिला विचारलं, तुमचे मालक भिंत रंगवायलेत का खराब करायलेत. शिवकन्यानं घरी येऊन पिठाचा डबा जरा जोरात ठेवला. सूर्यभानला ते कळलं. त्याला आतून आणखी एक गोष्ट टोचत होती. तो देवभोळा माणूस. एवढी मोठी भिंत, सगळी सृष्टी तिच्यावर काढायची, आणि ती ज्यानं निर्माण केली त्याचं कुठं टिंबसुद्धा नाही.

शनिवारी दुपारी बालाजीगुरुजी तिथं आले. हे चारठाण्याचे भिक्षुक. पंचक्रोशीतल्या वास्तुशांती, सत्यनारायण, लग्नं त्यांच्याकडं. जुन्या मोपेडवर पंचांगाची पिशवी लावून फिरायचे. त्यांना आकड्यांचा भारी नाद. कागद वाचून ते खाली बसले आणि मातीत काडीनं हिशोब करू लागले. मग त्यांनी सूर्यभानला समजावून सांगितलं की, पूजेच्या आधी संकल्पात आपण जो श्वेतवाराह कल्प म्हणतो, तो सुरू होऊन आजमितीला एकशे सत्त्याण्णव कोटी वर्षं झाली. म्हणजे मॅडमच्या मापानं, थांब्यापासून मागं पासष्ट-सहासष्ट फूट. फाटकापासून चौऱ्याऐंशी फुटांच्या जरा पुढं. गुरुजींनी ती जागा पावलांनी मोजली, भिंतीवर बोट ठेवलं, 'इथं' म्हणाले, आणि मोपेडला किक मारून निघून गेले. त्यांच्या दृष्टीनं एक छान गणित सुटलं होतं, बाकी काही नाही.

सूर्यभानच्या दृष्टीनं मात्र खूप काही झालं होतं. श्वेतवाराह म्हणजे पांढरा वराह, विष्णूचा अवतार, पाण्यात बुडालेली पृथ्वी दातावर तोलून वर आणणारा. लहानपणी त्यानं तो पाटीवर कितीदा काढला होता. आणि त्याची जागा आयती निघाली होती, टेपनं मोजून, शेवाळाच्या मधोमध.

रविवारी शाळेला सुट्टी. सूर्यभान सकाळी सहाला भिंतीपाशी गेला तो जेवायलाही घरी आला नाही. शिवकन्यानं भाकरी तिथंच नेऊन दिली. तिनं चित्र बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मॅडमला इचारलं का?" सूर्यभान म्हणाला, गुरुजींनी मोजून दिलंय. हे उत्तर नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

अंधार पडेपर्यंत वराह उभा राहिला होता. सहा फूट उंच, चुन्यासारखा पांढरा, मान वळवलेली, अंगावरचे केस एकेक करून काढलेले. इतकं जिवंत काम त्याच्या हातून पंधरा वर्षांत झालं नव्हतं. फक्त दात आणि दातावरची पृथ्वी राहिली होती. उजेड गेला म्हणून ते त्यानं सकाळवर ठेवलं.

सकाळी त्याला उठायला जरा उशीर झाला आणि मॅडम जरा लवकर आल्या.

स्कूटी उभी करून त्यांनी शेवाळातलं ते पांढरं जनावर बघितलं. थांब्यावर सात-आठ माणसं होती. मॅडमनी अगदी शांतपणे, वर्गात चूक दाखवतात तसं म्हटलं, "डुक्कर इथं कसं आलं? डुक्कर शेवटच्या दीड फुटात येतं."

परभणीची गाडी यायच्या आत हे वाक्य थांब्यावरून देवळात गेलं होतं, आणि देवळातून निघालं तेव्हा त्याचा आकार बदलला होता. मॅडमनी देवाला डुक्कर म्हटलं. दुपारी त्यात भर पडली की मॅडम बौद्ध आहेत, म्हणून मुद्दाम म्हटलं. तिकडं बौद्धवाड्यात ते पोचलं ते असं, की शाळेच्या विज्ञानाच्या भिंतीवर रातोरात देव काढला, आणि आमच्या पोरीलाच वर दोष द्यायलेत. दहा वाजेपर्यंत कुणीतरी वराहाला हळदकुंकू लावलं होतं. पाठोपाठ हार आला. सूर्यभान दात काढायला म्हणून ब्रश घेऊन गेला, तर भिंतीपाशी नारळ फुटलेला, आणि दोन म्हाताऱ्या हात जोडून उभ्या. पूजा झालेल्या देवाला आता ब्रश कसा लावायचा? तो तसाच परत आला.

शाळा समितीचा अध्यक्ष होता परमेश्वर दुधाटे. नाव परमेश्वर असल्यानं गावाची मोठी सोय झाली होती. शाळेत खडूचा खोका यायचा असला तरी परमेश्वराची सही लागते, असं लोक गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे. माणूस मनानं वाईट नव्हता, पण समोर चार लोक असले की त्याचा आवाज आपोआप वर जायचा. त्यानं मंगळवारी शाळा सुटल्यावर भिंतीपाशीच बैठक ठेवली. गुरुजींनाही निरोप गेला.

सोमवारी रात्रभर सूर्यभान कूस बदलत राहिला. त्याला मॅडमची भीती वाटत नव्हती, परमेश्वराचीही नाही. मॅडमनी जे बघितलं ते काय होतं, हे फक्त त्याला माहीत होतं.

बैठकीला निम्मा गाव आला. परमेश्वरानं सुरुवातीलाच ठरवून टाकलं, की वराह राहील, आणि आता सुरुवात झालीच आहे तर राम, कृष्ण, झालंच तर शाळेला जागा देणारे आपले दादा, म्हणजे परमेश्वराचे वडील, हेही भिंतीवर आले पाहिजेत. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुलाबाई पदर खोचून पुढं आल्या. त्या म्हणाल्या, हे सगळे येणार असतील तर बुद्ध आणि बाबासाहेब आधी. कुणी शिवाजी महाराजांचं नाव घेतलं. कुणी गावच्या पीरसाहेबांचं घेतलं. मॅडमनी एकदाच सांगितलं, की त्यांना कुणाचा अपमान करायचा नव्हता, त्यांना खरंच जनावर वाटलं. त्यावर मागून कुणीतरी बोललं, वाटतंच कसं.

तेव्हा सूर्यभान मधे आला. त्याला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. तो भिंतीकडं बघूनच बोलला.

"मॅडमनी देव बगितलाच न्हाई. मी पृथ्वी काढायची ठेवली होती. अंधार पडला म्हणून. दात न्हाई, दातावर पृथ्वी न्हाई, मग त्याला माणसानं काय म्हणावं? काढताना मलाबी तसंच दिसायलं होतं. चूक माझी हाय. मॅडमला न इचारता काढलं, तीबी माझीच."

सगळ्यांनी वराहाकडं बघितलं. खरंच, पृथ्वी नव्हती. ज्या म्हातारीनं नारळ फोडला होता तिनं पदराखाली तोंड लपवलं. परमेश्वरानं अपमानाचा विषय तिथंच सोडला.

पण भिंतीवर कोण कोण यायचं, हा प्रश्न उरलाच होता. मॅडमनी सूर्यभानकडून टेप मागून घेतला आणि सगळ्यांना थांब्याच्या टोकाला नेलं. ज्याला आपलं माणूस भिंतीवर पाहिजे त्यानं त्याची जागा दाखवावी, माझी हरकत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की या मापात एक इंच म्हणजे पंचवीस लाख वर्षं. इंचाचे आठ भाग केले की एक सूत. माणूस या पृथ्वीवर आला तो या शेवटच्या एका सुतात. त्यांनी टेपवर नख ठेवून सूत दाखवलं. पहिला माणूस, त्याची पहिली चूल, पहिला पेरलेला दाणा, सगळे राजे, सगळे संत, सगळं तेवढ्यात. गेली पाच हजार वर्षं तर केसाएवढी.

परमेश्वर पुढं वाकून बघू लागला. त्यानं विचारलं, दादा कुठं येतील. मॅडमनी क्षणभर हिशोब केला आणि केसाचा पन्नासावा भाग म्हणून सांगितलं. परमेश्वर बराच वेळ त्या टोकाकडं बघत राहिला. वीस जण त्याच्या मागून माना काढून तिथंच बघत होते आणि बाकीची सगळी भिंत मोकळी पडली होती.

सुलाबाई म्हणाल्या, "म्हंजे समदे एकाच केसात. अन् तिथंबी धक्काबुक्की."

लोक हसले. आधी थोडे, मग सगळेच. मॅडमसुद्धा.

परमेश्वराला मात्र अजून शंका होती. साडेचारशे कोटी वर्षं मोजायला होतं कोण, असं त्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. मॅडमनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, की काही दगडांत असा पदार्थ असतो जो ठरलेल्या वेगानं बदलत जातो, दुसरा होत जातो. किती बदलला आणि किती उरला ते मोजलं की दगड केव्हा तयार झाला ते कळतं. आपल्या विहिरीतला काळा दगड तसा मोजला तर सहा-साडेसहा कोटी वर्षांचा निघतो. भिंतीवर तो शेवटच्या सव्वादोन फुटांत. आणि सगळ्यात जुन्या, आकाशातून पडलेल्या दगडांवरून पृथ्वीचं वय निघालं. लोक ऐकत होते, पण चेहऱ्यांवर काही उमटत नव्हतं.

आतापर्यंत गप्प असलेले बालाजीगुरुजी एकदम म्हणाले, "म्हणजे घटिकापात्र."

मग तेच सांगू लागले. घड्याळं नव्हती तेव्हा लग्नात घंगाळात पाणी भरून त्यावर बुडाला बारीक भोक असलेली वाटी सोडत. पाणी ठरलेल्या वेगानं आत शिरे, वाटी बुडे, की एक घटका झाली. मुलगी कुणाची, मुलगा कुणाचा, वाटीला देणंघेणं नाही. त्यांच्या वडिलांनी त्या वाटीवर शेकडो लग्नं लावली होती. दगडात तशीच वाटी असेल, आणि ती सारख्या वेगानंच बुडत असेल, तर तिला खोटं म्हणायची माझी तयारी नाही, असं गुरुजी म्हणाले. मॅडमना ही उपमा इतकी आवडली, की त्यांनी ती तिथंच वहीत लिहून घेतली.

उत्साहाच्या भरात गुरुजींनी आणखी एक पाऊल टाकलं. ब्रह्मदेवाचा एक दिवस चारशे बत्तीस कोटींचा. मॅडमची पृथ्वी नेमक्या आकड्यात चारशे चौपन्न कोटींची. म्हणजे दोघांत फरक फक्त बावीस कोटींचा. एवढं तर चालून जावं.

"बावीस कोटी म्हणजे सात फूट, गुरुजी," मॅडम म्हणाल्या. "सात फुटांत सगळे डायनासोर येऊन गेले."

गुरुजींनी भिंतीवरचे ते सात फूट नजरेनं मोजले. सूर्यभानला वाटलं आता हे रागावणार. पण त्यांना आकड्यातली चूक दाखवलेली कधी लागायची नाही. ते म्हणाले, बरोबर आहे, आकडे ओढून जुळवले की गणिताचाही अपमान आणि शास्त्राचाही. मग ते म्हणाले की संकल्प आपण पृथ्वीचं वय सांगायला म्हणत नाही. अमुक कल्पात, अमुक युगात, विंध्याच्या दक्षिणेला, गोदावरीच्या उत्तर तीरावर, अमक्याचा मुलगा मी तमका, इथं बसलो आहे, असं आपण देवाला कळवतो. एवढ्या अफाट काळात आणि एवढ्या अफाट जागेत आपण त्याला सापडावं म्हणून.

"तो पत्ता आहे," गुरुजी म्हणाले. "पत्ता म्हणून तो बरोबरच आहे. टेप लावायला मीच निघालो, ती चूक माझी."

आता चुका कबूल करायची जणू साथच आली होती. पण वराहाचं काय करायचं, हे कुणालाच सुचेना. पुसला तर पाप, ठेवला तर मॅडमचं माप चुकतं. तेव्हा शिवकन्या बोलली. ती नवऱ्यासाठी चहाची किटली घेऊन आली होती आणि मघापासून ऐकत होती.

"भिंतीला मागची बाजू हाय की," ती म्हणाली. "तिकडं कुठं माप हाय?"

इतक्या लोकांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण सगळे रस्त्यावर उभे होते. शिवकन्यानं दोन्ही बाजूंना आपल्या हातानं प्रायमर मारला होता, त्यामुळं तिला दोन्ही बाजू माहीत होत्या. मॅडमनी लगेच होकार दिला. बाहेर जे मोजलं ते. आत, मैदानाच्या बाजूनं, आरंभाविषयी माणसांनी सांगितलेल्या गोष्टी, ज्याच्या त्याच्या. वर तसं स्पष्ट लिहायचं, म्हणजे पोरांचा गोंधळ नको. परमेश्वरानं आवाज चढवून हाच निर्णय आपला म्हणून जाहीर केला आणि बैठक संपली.

बुधवारी सकाळी गुरुजींनी वराहाला अक्षता वाहिल्या. मातीच्या गणपतीला सांगतात तसंच त्यालाही पुन्हा यायचं सांगून निरोप दिला. आता हे चित्र म्हणजे नुसता रंग, असं त्यांनी सूर्यभानला बजावलं. तरी सूर्यभानचा हात उठेना. देवाचं भय होतंच, पण त्याहून जास्त होतं ते दुसरंच. पंधरा वर्षांत एवढं चांगलं काही त्याच्या हातून उतरलं नव्हतं, आणि ते त्यालाच मिटवायचं होतं. मॅडम बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी घाई केली नाही.

त्यानं त्यांना विचारलं, इथं, या जागेवर, खरं काय होतं. मॅडमनी सांगितलं की चौऱ्याऐंशी फुटांच्या आसपास एक लहानसा जीव दुसऱ्या लहानशा जिवाच्या पोटात राहायला गेला आणि मेला नाही. दोघांनी मिळून संसार केला. आपल्या अंगातला कण अन् कण त्या संसारातून आला. आणि त्याच्या आधी, सत्तर फुटांपाशी, या शेवाळानं श्वास घेण्याजोगी हवा केली. त्याआधी पृथ्वीवर अशी हवाच नव्हती.

"म्हंजे ह्यानं केलेली हवा आपण आजून घ्यायलाव?"

मॅडम म्हणाल्या, हो, याची आणि याच्या लेकरांची.

सूर्यभाननं वराहाच्या कपाळापासून सुरुवात केली. मोठ्या ब्रशनं नाही, बारीक ब्रशनं. संध्याकाळपर्यंत वराह गेला होता आणि तिथं शेवाळ आलं होतं, पण ते आधीच्या शेवाळासारखं नव्हतं. आधी त्यानं एकाच हिरव्याच्या डब्यात ब्रश बुडवून फुटामागून फूट उरकले होते. आता रंगात मिसळायच्या स्टेनरच्या नळ्या पिळून पिळून तो हिरवे बनवत होता. विहिरीच्या पायऱ्यांवरचा, म्हशीच्या डोणीतला, पावसाळ्यात कौलावर येतो तो, हरभऱ्याच्या घाट्याचा. दुसऱ्या दिवशी तो मागं गेला आणि आधी उरकलेले सगळे फूट त्यानं पुन्हा काढले. मॅडमनी तारखेची आठवण केली, तर त्यानं मान डोलावली आणि काम चालू ठेवलं.

घरी जेवताना तो शिवकन्याला म्हणाला, "देवानं एवढा वेळ शेवाळ बगितलं. कटाळला न्हाई. अन् आपल्याला दोन दिवसांत लाज वाटायली."

शिवकन्या म्हणाली, देवाला कुणी गिरणीत बोलत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तीही भाकरी घेऊन भिंतीपाशी गेली, बसली, आणि तिनं त्याला कौलावरचा हिरवा अजून जरा काळपट पाहिजे म्हणून सांगितलं. तिचं बरोबर होतं.

आतली बाजू त्यानं शेवटच्या चार दिवसांत केली. वराह आधी, आणि या वेळी पृथ्वी त्यानं सगळ्यात पहिल्यांदा काढली. मग पीरसाहेबांच्या मुजावरांनी सांगितलेली मातीतून घडवलेल्या आदमची गोष्ट. त्याचं चित्र काढायचं नाही म्हणून नुसती ओली माती आणि फुंकर. सुलाबाईंनी बुद्धाचं काय म्हणून विचारलं, तेव्हा मॅडम जरा अडचणीत आल्या. जगाला आरंभ आहे की नाही असं विचारल्यावर बुद्ध काहीच बोलले नव्हते, असं त्यांनी सुलाबाईंना सांगितलं. सुलाबाईंनी विचार केला. दुःख कशानं मिटंल ते सांगायचं सोडून त्यांनी हे कामून सांगत बसावं, असं त्या म्हणाल्या. मग बसलेलेच काढा, गप. सूर्यभाननं डोळे मिटून बसलेले बुद्ध काढले आणि इतर चित्रांखाली जिथं चार ओळी होत्या, तिथं त्यांच्याखाली जागा कोरी ठेवली. दादांना त्यानं फाटकाच्या आतल्या खांबावर, फेट्यासकट, दोन फुटांत बसवलं. परमेश्वर तिथून जाताना अजूनही चप्पल काढतो.

अठ्ठावीस तारखेला तालुक्याचे साहेब आले. मॅडम पोरांचे प्रयोग मांडायला आत होत्या, त्यामुळं भिंत दाखवायला सूर्यभानच पुढं झाला. साहेबांनी आगीचं कौतुक केलं, लांबूनच डायनासोर दिसला म्हणून तिकडं भराभरा चालू लागले, आणि पन्नास-साठ फूट चालल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अजून शेवाळच चालू आहे. ते थांबले. एवढं शेवाळ कशाला, असं त्यांनी विचारलं. मधली जागा वाया गेली. योजनांची माहिती बसली असती.

"तेवढं होतंच, साहेब," सूर्यभान म्हणाला. "आमी कमी केलं न्हाई."

साहेब पुढं चालू लागले, पण आता जरा हळू. एका ठिकाणी तर त्यांनी भिंतीला हात लावून बघितला, ओलं आहे का म्हणून.

कार्यक्रम संपल्यावर मॅडमनी सूर्यभानला सही करायला सांगितलं. पेंटर सही करतो ती उजव्या कोपऱ्यात, खाली. सूर्यभान ब्रश घेऊन थांब्याच्या टोकाला जाऊन बसला आणि तसाच बसून राहिला. 'सूर्यभान आर्ट' लिहायला सहा इंच लागत होते, आणि सहा इंच म्हणजे दीड कोटी वर्षं. त्यानं मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, शेवाळात घाला, तिथं जागा भरपूर आहे.

त्यानं सही कुठंतरी शंभर फुटांच्या पुढं घातली, हिरव्यात हिरवी. गाडीची वाट बघणारे लोक वेळ जात नसला की ती शोधतात. शिवकन्याला ती तिसऱ्या दिवशी सापडली, पण तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.